मुलाला नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर घरच्यांनी काय पाहायचे

डिचोलीतल्या माझ्या फार्मसीत पूर्वी मानसिक आजारावरची चिठ्ठी आली, तर ती बहुतेक मोठ्या माणसाच्या नावाची असे. आता तिच्यावर वय १४, वय १६ असे लिहिलेले अधूनमधून दिसते, आणि चिठ्ठी घेऊन आलेली आई किंवा वडील इतर गिऱ्हाइके जाईपर्यंत बाजूला थांबून राहतात. औषध बहुधा फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम यांपैकी एक असते. मग दोन प्रश्न हलक्या आवाजात विचारले जातात: "ह्याची सवय लागणार नाही ना?" आणि "किती दिवस घ्यायची?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र तिसरा एक प्रश्न क्वचितच कोणी विचारते आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: "आता घरी आम्ही काय पाहायचं?" स्ट्रिपच्या खोक्यात कधी घडी घातलेला कागद असतो, पण तो इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो की वाचणाऱ्याला त्यातून घाबरण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम या गोळ्या काय करतात ते थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात आणि काम झाले की ते परत ओढून घेतात. वर सांगितलेल्या तिन्ही गोळ्या हे परत ओढून घेणे मंदावतात. ही क्रिया पहिल्या गोळीपासूनच सुरू होते, परंतु मन हलके होणे, अभ्यासात पुन्हा लक्ष लागणे, मित्राचा फोन उचलावासा वाटणे हा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या काही दिवसांतही दिसू शकतात. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे असे असतात की औषध अंगात गेलेले असते, त्याचा त्रास जाणवू शकतो आणि गुण अजून आलेला नसतो. पालकांचे लक्ष सर्वाधिक हवे ते याच काळात, आणि पुढे जेव्हा जेव्हा मात्रा वाढवली किंवा कमी केली जाईल तेव्हा पुन्हा तितकेच.

या काळजीमागे आधार आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांवर झालेल्या २४ चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासली. त्यांत ४,४०० हून अधिक मुले होती. खरी गोळी घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्के मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन नव्याने आढळले, तर दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये ते प्रमाण सुमारे २ टक्के होते. त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. या आकड्यांवरून २००४ साली या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक झाले आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही लागू केला गेला. ब्रिटनने त्याआधीच, २००३ मध्ये, पॅरोक्सेटिन हे याच गटातले औषध १८ वर्षांखालील मुलांच्या नैराश्यासाठी वापरू नये असे सांगितले होते.

हे आकडे वाचून एखाद्या बापाने गोळी कचऱ्यात टाकली तर मला त्याचा राग येणार नाही, पण फार वाईट वाटेल. कारण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. १२ ते १७ वर्षे वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिन आणि विचारांवर काम करणारे समुपदेशन हे दोन्ही मिळालेल्या ७१ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. नुसत्या फ्लुओक्सेटिनने हे प्रमाण ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनाने ४३ टक्के आणि औषध नसलेल्या गोळीने ३५ टक्के होते. उपचाराविना राहिलेले नैराश्य हे स्वतःच आत्महत्येचे मोठे कारण आहे. तेव्हा काळ्या चौकटीचा अर्थ 'देऊ नका' असा नाही. 'दिल्यावर लक्ष ठेवा' हा त्याचा अर्थ आहे, आणि लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे ते खोक्यावर मावत नाही.

त्याची सुरुवात पहिली गोळी देण्याच्या आधीच करावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एक छोटी वही घ्यायला सांगतो आणि गोळी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यातले मूल तीत लिहून ठेवायला सांगतो: ते किती वाजता झोपते, मध्ये किती वेळा उठते, किती जेवते, धाकट्या भावंडावर किती वेळा खेकसते, एका जागी किती वेळ बसू शकते, मरणाविषयी काही बोलते का, अंगावर स्वतः केलेल्या जखमांच्या खुणा आहेत का. हे आधी लिहिलेले नसेल, तर तीन आठवड्यांनी डॉक्टर विचारतात, "चिडचिड पूर्वीपेक्षा वाढली आहे का?" आणि आईवडील एकमेकांकडे पाहत राहतात. चिडचिड नैराश्यातही असते, या वयातही असते आणि औषधानेही होते. यांतली कोणती ते ठरवायला डॉक्टरांना एकच धागा उपयोगी पडतो: बदल कधी सुरू झाला, आणि त्या आधी चार दिवसांत काय झाले होते. हा धागा घरच्यांखेरीज कोणाच्याही हातात नसतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी या नोंदी करणे सोयीचे वाटेल, पण तसे करू नये. घरी आलेला पाहुणा ते वाचतो आणि मुलाला आपण उघडे पडल्यासारखे वाटते. वही कपाटात ठेवावी, आणि ती आहे हे मुलाला मोकळेपणाने सांगावे.

चतुर्थीच्या दिवसांत औषध सुरू झाले असेल तर एक अडचण येते, ती सांगून ठेवतो. रात्रीची भजने, आरत्या, मूळ घरी जमलेली पंचवीस माणसे, यामुळे त्या दिवसांत कोणाचीच झोप जागेवर नसते. जत्रेच्या आणि शिगम्याच्या दिवसांचेही तेच. अशा वेळी मूल पहाटेपर्यंत जागले यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून नोंदीत 'घरी भजन होते' एवढे तरी लिहावे.

आता दुष्परिणामांकडे येतो. पालकांनी सर्वांत आधी ओळखायला शिकावे, आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचे ओळखले जाते, ते लक्षण म्हणजे औषधाने आलेली उत्तेजितता. इंग्रजीतला 'ॲक्टिव्हेशन' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी असतो. ती बहुतेकदा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यानंतर लगेच दिसते आणि किशोरांपेक्षा लहान मुलांमध्ये अधिक आढळते. मूल एकाएकी जास्त बोलू लागते, मध्येच तोडते, हातातली वस्तू खाली ठेवत नाही, रात्री झोप येत नाही, क्षुल्लक कारणावरून भडका उडतो, आणि एरवी मागेपुढे पाहणारे मूल विचार न करता काहीतरी करून बसते. महिनाभर अंथरुणातून न उठलेला मुलगा असा हालचाल करताना दिसला की घरच्यांना हायसे वाटते आणि "गोळी लागू पडली," असे ते आनंदाने सांगतात. मी त्यांना एवढेच विचारतो की तो हसतो आहे का, निवांत आहे का, जेवल्यावर समाधानाने बसतो का. बरे वाटू लागलेले मूल हळूहळू शांत होत जाते. उत्तेजित झालेले मूल हालचाल खूप करते, पण त्याला चैन पडत नाही.

याच्याच जवळचा, पण अधिक त्रासदायक प्रकार म्हणजे अकाथिसिया. मराठीत याला नेमका शब्द नाही, तरी 'तगमग' या शब्दात त्याचे बरेचसे वर्णन येते. आतून अशी खळबळ होते की बसले तर उठावेसे वाटते, उठले तर चालावेसे वाटते आणि चालूनही बरे वाटत नाही. जेवायला बसलेली मुलगी चार घासांत तीनदा उठते, पाय सारखे हलवते, व्हरांड्यात येरझाऱ्या घालते, रात्री अंथरुणात पायांवर पाय घासत राहते. मूल लहान असेल तर "अंगात मुंग्या चालतात," "मला माझ्या अंगातून बाहेर यावंसं वाटतं," अशा शब्दांत सांगते, किंवा सांगताच येत नाही म्हणून रडते. हा हट्ट नव्हे आणि परीक्षेची धास्तीही नव्हे. बाहेरून ही चुळबुळ साधी दिसत असली, तरी ती सोसणाऱ्याला असह्य होऊ शकते आणि आत्महत्येच्या विचारांशी तिचा संबंध दिसून आला आहे, म्हणून ती दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा तगमग शमवणारे दुसरे औषध काही काळ देणे असे उपाय त्यांच्याकडे असतात आणि बहुतेक वेळा ते लागू पडतात.

उत्तेजिततेच्याही पुढची अवस्था म्हणजे उन्माद. इथे मूल त्रासलेले नसून विलक्षण खुशीत असू शकते. दोन-तीन तास झोपूनही ते सकाळी ताजेतवाने असते, बोलण्याचा वेग इतका वाढतो की ऐकणाऱ्याला धागा सापडत नाही, आपल्याला काहीतरी थोर शक्ती मिळाली आहे असे ते सांगू लागते, पैसे उधळते, अनोळखी माणसांशी नको तितकी जवळीक करते. काही मुलांचे नैराश्य हे मुळात द्विध्रुवीय आजाराचा, म्हणजे उदासी आणि उन्माद अशा दोन टोकांमध्ये हेलकावणाऱ्या आजाराचा, पहिला टप्पा असते, आणि अशा मुलाला नुसती नैराश्याची गोळी मिळाली तर आजाराचे दुसरे टोक वर येऊ शकते. हा धोका आधी ओळखण्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे घराण्याचा इतिहास. आपल्याकडे मामाला किंवा आत्याला 'बांबोळीला नेलं होतं', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, एवढेच दबक्या आवाजात सांगितले जाते, मुलांसमोर तर तेही सांगत नाहीत, आणि डॉक्टरांनी विचारले तर "आमच्याकडे कोणाला काही नाही," असे उत्तर दिले जाते. या एका उत्तराने डॉक्टरांच्या हातातली सर्वांत उपयोगी माहिती नाहीशी होते. ज्या नातेवाइकाला दीर्घकाळ लिथियमची (द्विध्रुवीय आजारात देतात ती) गोळी होती, जो कधी महिनोन्महिने उदास आणि कधी बेफाम असे, ज्याने जीव दिला किंवा तसा प्रयत्न केला, त्याच्याविषयी डॉक्टरांच्या खोलीत स्पष्ट बोलावे. नाव सांगण्याचीही गरज नसते, नाते पुरते.

आत्महत्येचे विचार नव्याने येणे किंवा असलेले वाढणे, यावर पालक थेट बोलायला घाबरतात, कारण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जाईल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने धोका वाढत नाही हे वारंवार तपासले गेले आहे, आणि अनेक मुलांना कोणीतरी विचारले याचेच ओझे उतरल्यासारखे वाटते. शब्द साधे असावेत. "तुला कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?" आणि उत्तर होकारार्थी आले तर रडारड न करता, शपथा न घालता पुढचा प्रश्न: "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं करायचं याचा विचार केला आहेस का?" हे प्रश्न मोटारीत शेजारी बसलेले असताना किंवा नारळ सोलताना विचारणे समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा सोपे जाते. न बोलताही काही गोष्टी दिसतात: आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, लांब बाह्यांचे कपडे सतत घालणे, गोळ्या साठवणे.

म्हणूनच गोळ्यांची स्ट्रिप मुलाकडे देऊ नये. रोजची गोळी मोठ्या माणसाने हातात द्यावी आणि बाकीच्या कुलपात ठेवाव्यात. घरातल्या आजोबांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्याही त्याच कुलपात जाव्यात, आणि कुळागरासाठी आणलेली कीटकनाशके घराच्या आवारात मुळीच ठेवू नयेत. यात मुलावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आत्महत्येचा तीव्र झटका पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणे यानेच जीव वाचतो.

वरच्या सगळ्यापेक्षा वेगळा आणि सावकाश येणारा एक परिणाम आहे, जो घरी बहुधा तक्रार म्हणून नोंदवलाच जात नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मूल रडत नाही, भांडत नाही, पण हसतही नाही. मात्रेबरोबर वाढणारी ही भावनांची बधिरता असते. फुटबॉलचा सामना असो, भावाचे लग्न असो, "ठीक आहे" यापलीकडे त्याला काही वाटत नाही. घरात शांतता झाल्याने मोठी माणसे समाधानी असतात. मूल मात्र स्वतःपासून दुरावलेले असते. मात्रा कमी केल्यावर ही बधिरता सहसा कमी होते, पण त्यासाठी ती कोणीतरी डॉक्टरांच्या कानावर घालावी लागते.

सेरोटोनिन फार वाढल्याने होणारा विषारी परिणाम दुर्मीळ आहे, तरी माझ्या काउंटरशी त्याचा थेट संबंध असल्याने सांगतो. थरथर, भरपूर घाम, जुलाब, ताप, स्नायू ताठरणे आणि त्याबरोबर गोंधळलेले बोलणे अशी लक्षणे काही तासांत एकत्र आली तर ती तातडीची बाब समजून मुलाला रुग्णालयात न्यावे. दुसऱ्या औषधाशी गाठ पडल्याने हे बहुधा घडते. वेदनेसाठीचे ट्रॅमाडॉल हे त्यातले एक, आणि कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपांमध्ये असलेले डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे दुसरे. तेव्हा मुलाला सर्दी-खोकला झाला तर घरातली जुनी बाटली काढू नका. फार्मसीत आल्यावर मूल कोणती गोळी घेते ते सांगा, भले चिठ्ठी सोबत नसली तरी.

काही विपरीत दिसले की गोळी बंद करावी, हा पहिला विचार स्वाभाविक आहे. पण डॉक्टरांशी न बोलता ती एकदम बंद करू नये. चक्कर, मळमळ, भयंकर स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव आणि पुन्हा चिडचिड हे सगळे अचानक बंद केल्याने होऊ शकते, आणि मग मूळ त्रास कोणता व बंद केल्याचा कोणता हे कळेनासे होते. फोन लागत नसेल आणि मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, बेफाम झाले असेल किंवा तगमगीने सैरभैर असेल, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यावे आणि चिठ्ठी व स्ट्रिप बरोबर घ्यावी. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठी बोलावता येते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही तिथेच आहे. रात्री कोणाशी तरी बोलून सल्ला घ्यायचा असेल, तर टेली-मानस ही केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते.

हे सगळे पाहायचे कोणी? कुंडईच्या किंवा वेर्णाच्या कारखान्यात पाळीवर काम करणारे आईवडील दिवसभर घरी नसतात, आणि मूल सर्वांत जास्त वेळ आजीसमोर असते. औषधाचे नाव ठाऊक नसले तरी नातवाची झोप आजी इतर कोणाहीपेक्षा बारकाईने ओळखते, म्हणून तिला विश्वासात घ्यावे. फक्त तिच्यावर "ह्याला दृष्ट लागली" असे म्हणून गप्प बसण्याची वेळ येऊ नये, यासाठी वर सांगितलेली चार-पाच लक्षणे तिला तिच्या शब्दांत समजावून द्यावीत. शाळेत एखाद्याच शिक्षकाला सांगावे, तेही मुलाला विचारून. मोठ्या मुलांच्या बाबतीत सगळ्यांत चांगला निरीक्षक मूल स्वतःच असते. "तुझ्यावर पाळत नाही, आपण दोघं मिळून औषधावर पाळत ठेवतो आहोत," असे एका वडिलांनी आपल्या मुलीला माझ्यासमोर सांगितले होते, आणि त्यानंतर वहीतल्या अर्ध्या नोंदी त्या मुलीच्याच अक्षरात होत्या.

२००४ च्या इशाऱ्यासोबत पहिले चार आठवडे दर आठवड्याला, पुढचे चार आठवडे पंधरवड्यातून एकदा आणि मग बाराव्या आठवड्यात मुलाला तपासावे असे सुचवले गेले होते. इतक्या भेटी प्रत्यक्षात कमीच होतात. पेडण्याहून किंवा वाळपईहून दर आठवड्याला बस पकडून जाणे शक्य नसेल, तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून घ्यावे की मधल्या आठवड्यांत फोनवर बोलता येईल का, आणि कोणत्या लक्षणासाठी कोणत्याही वेळी फोन केलेला चालेल.

मूल बरे झाल्यावरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. वही तेव्हा पुन्हा काढावी लागते. फ्लुओक्सेटिन शरीरात काही आठवडे रेंगाळते, त्यामुळे ते बंद करताना त्रास सहसा कमी होतो, तर पॅरोक्सेटिन आणि नैराश्यावरचेच दुसरे औषध व्हेन्लाफॅक्सिन यांचा त्रास लवकर व जास्त जाणवतो. मात्रा कमी केल्यापासून दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, झटके यांसह उदासी आली आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरली, तर ती बहुधा औषध सोडण्याची असते. शरीराची अशी कोणतीही तक्रार नसताना, महिन्या-दोन महिन्यांनी, पूर्वीसारखीच पहाटेची जाग, जेवण टाळणे आणि मित्रांना टाळणे परत येऊ लागले, तर आजार परतत असल्याची शक्यता अधिक असते. हा फरक ओळखायला वहीची पहिली पाने लागतात, जी गोळी सुरू होण्यापूर्वी लिहिली होती.